जुवाची जागा

आयलानं उपडी कॅनू डोक्यावर घेतली, आतलं आडवं जू खांद्यांवर टेकवलं आणि ती स्प्रूसच्या सूचिपर्णी रानातल्या पायवाटेला लागली. सत्तावीस किलोची होडी पाणसळीत राहिली. ना पुढे झुकली, ना मागे.

जू तिनंच बसवलं होतं. अंगणात होडी नळीवर तोलून, दोन्हीकडची आघूर्णं, म्हणजे वजन गुणिले अंतर, जिथे सारखी झाली तिथेच भोकं पाडली होती. "थोडं पुढे घे," तिचे बाबा, आर्वो, म्हणाले होते. तिनं ऐकलं नव्हतं.

डाव्या खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर आर्वोंना ओझं उचलायची बंदी होती. पलीकडच्या तळ्यावर जायचं, तर दोन तळ्यांमधल्या या वाटेवरून आयलाला एकटीनं होडी नेता यायला हवी. नाही जमलं, तर ते तळं बाबांसाठी संपलंच.

पन्नास पावलांतच, चालण्याच्या हिसक्यांनी, होडीचं टोक तिच्या डोळ्यांवर आलं. वाट दिसेना, दिसत होते फक्त स्वतःचे बूट. काळ्या माशा कानामागे चावत होत्या.

"डावीकडे मूळ," पुढून आर्वो सांगत होते. "आता दगड. आता तुझा बाप."

ती त्यांच्यावर आदळलीच.

"टेकव जरा खाली."

"नको. जमतंय मला."

"दिसतंय. म्हणजे मला दिसतंय. तुला काय दिसतंय?"

आर्वोंनी तिच्या पाठपिशवीतून चहाची किटली काढली, मागे गेले आणि ती होडीच्या शेवटच्या बाकाला बांधली. होडीचं नाक हळूच वर उचललं गेलं.

एक किलो, दोन मीटरांवर. आयलाच्या डोक्यात गणित आपोआप झालं. म्हणजे जू सात सेंटीमीटर पुढे हवं होतं.

"तुला ठाऊक होतं, बाबा. मग भोकं पाडताना हात का नाही धरलास?"

"तुझं गणित चुकलं नव्हतं, मास्तरीणबाई. होडी नुसती ठेवायची असती, तर तीच जागा बरोबर." ते पुन्हा पुढे झाले. "चल."

होडीच्या काठाखालून आता सगळं दिसत होतं: मुळं, दगड, झाडांमागची पाण्याची चकाकी. आणि पुढे चालणारे बाबा. चाळीस वर्षं या वाटेवर त्यांनी होडी वाहिली होती. आज हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. खिशात घालून पाहिले, पाठीशी बांधून पाहिले. मग उजवा हात आपोआप कानाच्या उंचीला गेला, होडीचा काठ धरल्यासारखा, आणि तिथेच राहिला.