पाठीची माती

"पाठीला माती हाय का बघ," नागप्पा म्हणाला.

मायाक्कानं तांब्या खाली ठेवला आणि नवऱ्याच्या ओल्या पाठीवरून हात फिरवला. गेलं वर्षभर अंघोळीला बसला की हाच प्रश्न. आधी तिला वाटलं, पैलवान माणूस, तालमीतून येतो, विचारत असेल. पण तालमीत जाणं सुटलं तरी विचारणं काही सुटलं नाही. शिकेकाई झाली, वजरी झाली, घासून घासून पाठ लालभडक झाली. तरी दोन खांद्यांच्या मध्ये त्याला काहीतरी खरखरत राहायचं. अंथरुणाला पाठ टेकली की जास्तच, म्हणून तो कुशीवर झोपायचा.

"न्हाय वो," ती म्हणाली. "तुमच्या पाठीला कवा माती लागलीया?"

सगळं सोलापूर हेच म्हणत होतं. वळसंगचा नागप्पा म्हणजे पाठीला माती न लागलेला गडी. म्हणून तर शेजारच्या संस्थानच्या सरकारांनी त्याला 'मल्लमार्तंड' हा किताब द्यायचं ठरवलं होतं. किताबाबरोबर चांदीची गदा, मानाचा फेटा आणि जन्मभराचा खुराक. एवढा मान त्या मुलखात क्वचितच कुणाच्या वाट्याला आलेला. तालमीतली पोरं तर आठ दिवस जमिनीवर नव्हती. आज तो दिवस उजाडला होता, आणि ज्याचं लग्न तोच तोंड पाडून बसला होता.

कारण हिंदुराव. सांगोल्याच्या हिंदुरावाला पाडूनच तर नागप्पा एवढा मोठा झाला होता. वर्षापूर्वीच्या त्या कुस्तीत हिंदुराव मानेवर पडला आणि आठवड्याभरात गेला. नागप्पाला कुणी बोल लावला नाही. मातीत उतरायचं म्हटलं की असं व्हायचंच, जाणाऱ्याला निमित्त लागतं, असं म्हणून लोक आपापल्या कामाला लागले. नागप्पाला मात्र ते साधलं नाही.

आणि दरबाराची एक जुनी रीत होती. किताबाच्या मानकऱ्यानं लंगोट कसून उघड्या अंगानं आखाड्यात यायचं आणि फेट्याचा पहिला वेढा हरलेल्याच्या हातून बांधून घ्यायचा. मनात आकस उरला नाही, याची ती खूण. हरलेला हयात नसेल तर त्याच्या घरच्या माणसानं बांधायचा. सांगोल्याला सांगावा गेला होता. एवढ्या लांब मेंढरं टाकून त्याच्या घरचं कोण येतंय, असं नागप्पानं स्वतःला बजावून ठेवलं होतं. तेवढ्यात वस्ताद येडू आण्णा दारात आले आणि म्हणाले, हिंदुरावाची आई पहाटेच येऊन मैदानाशी बसली आहे.

किल्ल्याजवळच्या मैदानात मुंगीला वाट नव्हती. हलगी कडाडत होती. नवी लाल माती चाळून, तिच्यात ताक आणि हळद घालून आखाडा सजवला होता. सरकार खुर्चीवर बसले होते आणि गदा शेजारी मखमलीवर. नागप्पा आत उतरला. पायाला माती लागली तसा त्याच्या पाठीवर शहारा आला.

हिंदुरावाची आई दगडाबाई समोरून आली. काटक म्हातारी, खांद्याला घोंगडं. हिनं चारचौघांत शिव्याशाप द्यावेत, तोंडावर मूठभर माती फेकावी, असं नागप्पाला मनापासून वाटत होतं. तेवढ्यावर भागलं असतं. पण ती मानाचा फेटा हातात घेऊन त्याच्यासमोर आली. तो गुडघ्यावर बसला. तिनं पहिला वेढा घातला, नीट चापूनचोपून, घरातल्या पोराला घालावा तसा. मग ती त्याच्या कानाशी वाकली.

"जायच्या आदी त्यानं सांगितलं मला," ती म्हणाली. "आये, म्हनला, नागप्पाची पाठ मातीला लागलीच हुती, पंचाला दिसायचीच काय ती बाकी. पर त्यो कन्हला, खांदा निखळला माजा म्हून. मग कसा दाबू? सोडला." तिनं कनवटीची एक बाटली काढून त्याच्या हातात दिली. "माज्या हिंदुरावाला ह्येच त्याल चोळायची मी. खांदा बरा हाय का रं आता, लेकरा?"

कण्हणाऱ्या गड्यावरचा दाब काढायचा, हा तालमीतला पहिला धडा. मिसरूड फुटायच्या आधीच दोघंही तो शिकले होते. हिंदुराव तो पाळणार, याची नागप्पाला त्या क्षणी पक्की खात्री होती. म्हणूनच तो कण्हला होता, आणि दाब सुटताच त्यानं हिंदुरावाला उचलून आपटलं होतं.

सरकार गदा घेऊन उठले. नागप्पानं डोक्यावरचा वेढा सोडला आणि बाटलीसकट म्हातारीच्या हातात ठेवला.

"खांदा धडच हुता, आये," तो म्हणाला. "तवाबी."

मग तो मागे कलला आणि दोन्ही खांदे टेकवून सगळ्यांदेखत मातीत उताणा पडला. लोकांना वाटलं, घेरी आली. कुणीतरी पाणी आणायला धावलं. हलगी थांबली. येडू आण्णांनी मात्र शिष्याकडे एकदाच पाहिलं आणि तोंड फिरवलं. दगडाबाईनं फेटा तिथंच टाकून तेवढी बाटली परत कनवटीला खोचली आणि गर्दीतून वाट काढत निघून गेली.

दिवस मावळता मायाक्कानं पाणी काढलं. दारात कुणी नव्हतं, तालमीतलं एक पोरसुद्धा फिरकलं नव्हतं. नागप्पा तिच्याकडे पाठ करून न्हाणीतल्या दगडावर बसला. त्यानं काही विचारलं नाही. तिनंच तांब्या उचलला आणि त्याची पाठ बघून हात तसाच थांबवला.

"अवो," ती हळूच म्हणाली, "आज हाय माती."

"ती काय आजची न्हाय," नागप्पा म्हणाला.