एक शाबूत फळी

“लाकूड कुठून आणलंस?” वाफेच्या डब्याचं झाकण उघडताच अण्णांनी विचारलं. वाफेने मऊ झालेली लाकडी पट्टी बाहेर काढत लेक म्हणाली, “वखारीतून.” अण्णांची होडी विकली, दुसऱ्या बंदरात मासेमारी करतेय, असं तिनेच सांगितलेलं. खरं तर कुजलेली होडी फोडावी लागली होती. एकच शाबूत फळी तिने लपवून ठेवली. आज त्या फळीच्याच पट्ट्यांतून बापलेक त्याच होडीची हातभर प्रतिकृती घडवत होते. रंधा मारल्यावर कोण ओळखतंय, असं तिला वाटलं. होडीला वर्षानुवर्षं चोळलेलं माशाचं तेल ती विसरली. वाफेसरशी त्याचा वास खोलीभर सुटला. “अण्णा, मी...” “आधी वाकव. गार झाली तर मोडेल.” अर्धांगातून वाचलेल्या हाताने त्यांनी पट्टी साच्यावर दाबली. ती करकरली, वळली, बसली. “सोडा आता, गार झाली.” अण्णांनी हात उचलला नाही. “राहू दे. हिला माझ्या हाताची सवय आहे.”