आधी नुसतं चालवून बघा

रेइनोचा लॅपटॉप जुना झाला होता, सुरू होता होताच दमायचा. म्हणून व्हँकुव्हरच्या लेकीने, काइसाने, थंडर बे गावी राहणाऱ्या बाबांना एक पेनड्राइव्ह पाठवला.

"बाबा, यात लिनक्स आहे, विंडोजऐवजी चालणारी हलकी सिस्टिम. हा लावून आधी नुसतं चालवून बघा. लॅपटॉपमधल्या कशालाही धक्का लागत नाही. नाही आवडलं तर काढून ठेवा."

"आणि तुझ्या आईचे फोटो उडाले म्हणजे?"

"नाही उडत हो!"

दर रविवारी काइसा फोन करायची आणि दर रविवारी बाबा कुठेतरी अडलेले असायचे. कधी पेनड्राइव्ह सापडायचा नाही, कधी स्क्रीन काळी पडायची. ती पुन्हा पहिल्यापासून सांगायची. कधी चिडायचीही.

"अहो, शाळेतली पोरंसुद्धा करतात हे!"

"त्यांच्या शेजारी कुणीतरी बसलेलं असतं गं."

मार्चमध्ये बाबा गेले. अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये सगळे कॉफी पीत होते. एक म्हातारे गृहस्थ काइसाजवळ आले. "माझ्या लॅपटॉपवर रेइनोनेच लिनक्स घालून दिलं."

"माझ्याही," बाबांच्या शेजारी राहणारी आयली म्हणाली. "आधी पेनड्राइव्हवर चालवून दाखवलं, मगच घातलं. आमच्या अख्ख्या बिल्डिंगला शिकवलं त्याने."

काइसा गोंधळली. "पण बाबांना तर शेवटपर्यंत जमलं नव्हतं. गेल्या रविवारीही मी तासभर फोनवर..."

आयलीने तिचा हात हातात घेतला.



"त्याला पहिल्याच दिवशी जमलं होतं, पोरी. पण तसं सांगितलं असतं, तर तू फोन ठेवला असतास."