देवापुढची चिठ्ठी

"चिठ्ठी एकदाच काढली होती ना?" सदफ मॅडमनी विचारलं.

"हो मॅडम, एकदाच," सुदर्शन म्हणाला.

"तू तिथं होतास?"

तो तिथं नव्हता. त्यानं तसं सांगितल्यावर मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग घरी नीट विचारून ये. बहिणीची परवानगीही घे. उद्या तुला हे सगळ्या विभागासमोर मांडायचंय, आणि पहिला प्रश्न हाच येणार."

सुदर्शन विद्यापीठात अर्थशास्त्राच्या एम.ए.ला शेवटच्या वर्षाला होता. पदवीमुळं माणसाची कमाई खरंच वाढते का, हा त्याच्या शोधनिबंधाचा विषय. ऐकायला सोपा, पण करायला बसलं की घाम फुटतो. कॉलेजात जाणारी पोरं मुळातच हुशार असतात, किंवा त्यांच्या घरचं बरं असतं. मग वाढलेली कमाई पदवीची म्हणायची की घराची? अर्थमितीच्या वर्गात यावर एकच खात्रीचा उपाय सांगतात. अगदी सारखी दोन माणसं घ्या आणि त्यातलं कोण शिकणार हे नशिबाला ठरवू द्या. एरवी ही आकडेमोड करणारी मंडळी नशीब मानत नाहीत, पण इथं मात्र ती त्याच्या पाया पडतात.

असं उदाहरण सुदर्शनच्या मुकुंदवाडीतल्या घरातच होतं. तो आणि श्रेया जुळे. एकाच शाळेत शिकलेले, मार्कही कधी याला दोन जास्त तर कधी तिला. बारावीच्या निकालाच्या सुमारास वडिलांची, बन्सीची, कंपनी बंद पडली. दोघांपैकी एकालाच पुढं शिकवणं जमणार होतं. कोणाला, ते बन्सीच्या तोंडून निघेना. शेवटी त्यानं दोघांची नावं लिहून दोन चिठ्ठ्या देवापुढं टाकल्या आणि श्रेयाला एक उचलायला सांगितली. सुदर्शनला ते बघवेना, म्हणून तो स्टेशनवर जाऊन बसला. परत आला तेव्हा आईनं, द्वारकाबाईनं, त्याच्या हातावर साखर ठेवली.

तो शिकत गेला. श्रेया एका औषधांच्या कंपनीत पॅकिंगला लागली. तिच्याकडं बघून त्याला वाईट वाटायचं, पण अपराधी कधी वाटलं नाही. तिचं कुणी काही हिरावून घेतलं नव्हतं. चिठ्ठीला पोरगा-पोरगी कळत नाही. एवढ्या एका विचाराच्या आधारावर तो इतकी वर्षं मान वर करून घरात वावरला होता. निबंधातले आकडे मोठ्या पाहणीतले असले, तरी पहिलं पान त्यानं त्या चिठ्ठीवर लिहिलं होतं आणि ते त्याचं सगळ्यात लाडकं पान होतं.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा श्रेया कंपनीतून येऊन मेथी निवडत बसली होती. द्वारकाबाई भाकरी थापत होती. बन्सी टीव्हीपुढं होता. सुदर्शननं श्रेयाजवळ बसून ते पान वाचून दाखवलं. तिनं मान खाली घालून ऐकलं.

"लिही की," ती म्हणाली. "फक्त ते एक वाक्य नको ठेवू."

"कोणतं?"

"आमच्या घरानं भेदभाव केला नाही, ते."

"अगं, तेच तर मुद्द्याचं आहे. चिठ्ठी तूच उचलली होती ना? एकदाच?"

श्रेया मेथी निवडत राहिली. तव्यावरची भाकरी उलटत द्वारकाबाईच बोलली.

"एकदा कुठं? दोनदा. पहिल्या बारीला हिनं डाव्या हातानं उचलली. लहानपणापासून हिची तीच खोड. देवाच्या कामाला डावा हात चालतो व्हय? म्हणलं, परत टाका, अन् आता उजव्या हातानं काढ."

बन्सीनं टीव्हीचा आवाज वाढवला.

सुदर्शननं हातातलं पान खाली ठेवलं. पण लगेच त्याला वर्गात शिकलेलं आठवलं आणि त्यानं ते घट्ट धरलं. चिठ्ठी दोनदा काढली म्हणून काही बिघडत नाही. पहिली घडी न मोडता तशीच परत टाकली असेल, तर दुसरीही पहिलीइतकीच आंधळी. डावा हात असो की उजवा, नशिबाला काय फरक पडतो? उद्या मॅडमना तो हे नीट पटवून देऊ शकला असता. आणि स्वतःलाही.

त्यानं श्रेयाकडं पाहिलं. तिच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली होती. ती त्याच्याकडं बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत राग नव्हता. नको विचारू, एवढंच त्या डोळ्यांत होतं. त्याला एकदम भीती वाटली. विचारलं नाही तर कुणाचंच काही अडणार नव्हतं. पान तसंच राहिलं असतं, घरही तसंच राहिलं असतं.

"आई," तो म्हणाला, "ती पहिली चिठ्ठी उघडली नव्हती ना? न बघताच परत टाकली ना?"

द्वारकाबाईनं हात थांबवून त्याच्याकडं पाहिलं. एवढं शिकून पोराला इतकी साधी गोष्ट कळू नये, याचं तिला खरोखर नवल वाटलं.

"उघडल्याबिगर कसं कळलं असतं रं, परत काढायची का नाय ते?"