पपनसाचं पान

"पपनस," बाई म्हणाल्या. पान त्यांनी तोडलं नाही, नुसतं उलटं केलं. "देठ बघा डॉक्टर, कसा रुंद झालाय. पानाच्या बुडाशी आणखी एक छोटं पान चिकटवल्यासारखं दिसतं. लिंबाचं असं नसतं."

डॉक्टरांनी मान डोलावली. त्यांना झाडांतलं ओ की ठो कळत नव्हतं. बाईंची स्मरणशक्ती तपासायला ते घरी आले होते आणि बागेची कल्पना त्यांचीच. तारीख-वार काय, कोणीही विसरतं. जिनं जन्मभर शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवलं, तिला तिच्याच अंगणातली झाडं विचारावीत. बरोबर की चूक, ते मुलगा सांगेल. ओळखली तर बाई आपल्या घरात राहतील. नाही ओळखली तर डॉक्टर तसा दाखला देतील, घराचा कारभार मुलाकडे जाईल आणि बाई वृद्धाश्रमात. तिथली खोली मुलानं बघून ठेवली होती. घराला गिऱ्हाईकही.

मुलगा बाईंना खेटूनच उभा होता. त्याला पपनस कळत नव्हतं म्हणावं, तर ते झाड त्यानंच लावलेलं. बाईंच्या वर्गात पानांची पारख सगळ्यात पक्की होती ती त्याचीच.

"आई, लिंबू आहे गं ते," तो म्हणाला. आवाज इतका मऊ, की डॉक्टरांनाच गलबलून आलं.

बाई हसल्या. "काहीतरीच काय!"

"मीच लावलंय ना? लिंबू आहे."

बाईंनी पान पुन्हा उलटं केलं. देठ रुंदच होता. पण मागच्याच महिन्यात गॅसवर दूध ठेवून त्या विसरल्या होत्या, पातेल्याचा कोळसा झाला होता. आणि हा पोरगा कधी त्यांच्याशी खोटं बोललेला त्यांना आठवत नव्हता.

"असेल," त्या म्हणाल्या.

भिंतीवरच्या वेलीपाशी त्या जरा जास्तच थांबल्या. "जुई. जाईची पानं पिसासारखी असतात, हिची सुटी आहेत."

"जाई, आई."

बाईंचा चेहरा उतरला. पुढच्या कुंडीतलं एक पान त्यांनी चुरगळलं आणि नाकाशी धरलं. वास असा सुटला, की डॉक्टरांनीही तो झटकन ओळखला. "पुदि..." एवढं बाई बोलल्या आणि त्यांनी मुलाच्या तोंडाकडे बघितलं. तो काही म्हणायच्या आत घाईघाईनं त्यांनी शब्द फिरवला. "नाही, नाही. ओवा असेल. ओवाच."

या वेळी मुलाला खोटं बोलावं लागलं नाही.

"पुदिना आहे, आई."

डॉक्टरांनी उसासा टाकून कागदावर खूण केली. पुढचं सगळं सोपं गेलं. झेंडूला बाई शेवंती म्हणाल्या, कोरफडीपाशी नुसत्याच उभ्या राहिल्या. मुलगा आता प्रत्येक झाडाचं खरं तेच नाव सांगत होता. आईचं डोकं खरोखरच गेलंय, आपण उगाच मनाला लावून घेत होतो, असं त्याला वाटू लागलं. अशा गोष्टी पटायला माणसाला फार वेळ लागत नाही.

डॉक्टरांनी पेन खिशाला लावलं. बाईंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. डॉक्टरांना फार वाईट वाटलं. निघताना म्हातारीचं एक तरी उत्तर बरोबर यावं, म्हणून त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि हसून विचारलं, "बरं बाई, आता शेवटचं. हे कोण?"

बाई जवळ आल्या. त्यांनी मुलाचं कपाळ पाहिलं, हनुवटी पाहिली, कानामागचा तीळही वाकून पाहिला.

"माझा मुलगाच वाटतोय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण तुम्ही एकदा त्याला विचारून घ्या हं, डॉक्टर. माझं हल्ली चुकतं."