पहिला पाटा

तपासनिसाने तुटलेला पाटा टेबलावर ठेवला तेव्हा त्यावर अजून रस्त्यावरचं मीठ होतं. पांढरं, कोरडं, कडांना साचलेलं. जयंत परांजपेने ते अंगठ्याने पुसलं आणि चष्मा चढवला.

लॉरीच्या स्प्रिंगमध्ये एकावर एक असे पोलादी पाटे असतात. हा सगळ्यांत वरचा. हा तुटला की ॲक्सल जागचा सरकतो आणि स्टिअरिंग हातात उरतं ते नावापुरतं. मर्थर गावाजवळच्या उतारावर सोमवारी सकाळी तेच झालं होतं. लॉरी कठडा तोडून खाली गेली. ड्रायव्हर गेथिन आत होता. त्याला बाहेर काढेपर्यंत सगळं संपलं होतं.

लॉरी गेथिनची स्वतःची होती. पाटा जयंतच्या शेडमधला. भोसरीहून कोरे पाटे कंटेनरने यायचे. कार्डिफच्या शेडमध्ये ते पुसायचे, टांगायचे, मग काळ्या रंगात बुडवायचे. लॉरी कंपनीच्या पाट्यापेक्षा स्वस्त, पण पोलाद तेच, असं जयंत गिऱ्हाइकांना सांगायचा. ते खरंही होतं.

“या हिवाळ्यात बर्फ वितळवायला कौन्सिलने रस्त्यांवर मीठ फार टाकलंय,” तपासनीस म्हणाला. “गंज येणारच. मला तुमच्याकडून एवढंच हवंय. हा एकच पाटा खराब निघाला, की सगळेच तसे आहेत?”

त्याचा फोन वाजला. माफी मागून तो यार्डात गेला. काचेपलीकडे, बर्फात, पाठमोरा उभा राहून बोलू लागला.

जयंतने भिंग घेतलं. तुटल्या जागी दोन रंग होते. बहुतेक भाग राखाडी, चकचकीत. तो सोमवारी तुटला. कडेची एक चंद्रकोर तपकिरी. ती कित्येक आठवडे आतल्या आत तुटत आली होती. त्या चंद्रकोरीच्या बरोबर वर, पाट्याच्या पाठीवर, गंज होता.

मिठाने येणारा गंज कुठेही फुटतो. हा तसा नव्हता. बाकी सगळा रंग शाबूत होता. गंज दोनच जागी होता, शेजारी शेजारी. एक गोल ठिपका. दुसरा बोटाच्या रुंदीचा, खालून वर ओढलेला.

जयंतने त्यावर आपलं बोट ठेवून पाहिलं. डाग बोटाखाली झाकला गेला. ज्या बोटाने तो ओढला होता, ते बारीक होतं. बाईचं होतं.

पहिला कंटेनर आला त्या दिवशी त्याच्या बायकोने, मधुमतीने, पहिल्या पाट्याला हळदकुंकू लावलं होतं. कोऱ्या पोलादावर ते टिकेना म्हणून खोबरेल तेलात कालवून लावलं. जयंतने शेजारी उभं राहून नारळ फोडला होता. तेलकट जागेवर रंग नुसता दिसतो, धरत नाही. खालून सुटतो, फट पडते, मिठाचं पाणी आत जातं. हे जयंत रोज कामगारांना सांगायचा. पुसलेल्या पाट्याला उघड्या हाताने शिवू द्यायचा नाही. हळदकुंकवातलं तेल त्याने कधी तेल म्हणून मोजलंच नव्हतं.

तनू ऑफिसातून आली. त्यांची मुलगी, इथेच जन्मलेली. शेडचे फोन तीच घ्यायची.

“बाबा, येस ऑर नो सांगा. मी सगळ्या कस्टमरना रिंग करू का? संध्याकाळी परत स्नो आहे. मग लॉऱ्या थांबवायला पाहिजे ना?”

“नको,” जयंत म्हणाला. “हा पहिला पाटा आहे. पूजेचा. गेथिन आपलं पहिलं गिऱ्हाईक होता, त्यालाच गेला. असा दुसरा नाही.”

“शुअर?”

“त्यानंतर पूजा कुठे केली आपण?”

गेथिन मेला होता, आणि तरीही जयंतला हायसं वाटलं. त्याची त्याला लाज वाटली. पण हायसं वाटलंच. तपासनिसाला काय सांगायचं ते त्याने मनात नीट मांडून घेतलं. पूजा, तेल, एक पाटा. चूक आमची. शिक्षा असेल ती भोगू. बाकीच्या गाड्या सुरक्षित आहेत.

मधुमती चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ती केव्हा आली ते दोघांना कळलं नव्हतं. सोमवारपासून ती फारशी बोललेली नव्हती. ट्रेवर लाल ड्रॅगनचा मगही होता. गेथिनचा. तोही सवयीने भरलेला.

ती टेबलाजवळ आली. तिने पाट्यावरचे दोन डाग बघितले. भिंगाशिवाय.

“अहो, त्या दिवशी गेथिन इथेच उभा होता,” ती म्हणाली. “तुम्ही नारळाचे तुकडे करत होतात. मला चिडवायला लागला. म्हणाला, माझ्या पाट्याची तर पूजा झाली, मिसेस पी. पण बाकीच्या ड्रायव्हरांनी काय घोडं मारलंय तुमचं?”

बाहेर तपासनिसाने फोन खिशात टाकला. बूट आपटून त्यांवरचा बर्फ झाडला.

“चेष्टाच होती त्याची,” ती म्हणाली. “पण माझ्या मनाला लागलं. सगळीच कुणाची ना कुणाची मुलं.”

“मग?” जयंतने विचारलं.

“पाटे पुसून, टांगून तुम्ही सगळे चहाला जाता ना, तेव्हा,” मधुमती म्हणाली. “त्या दिवसापासून एकही पाटा सोडला नाही मी.”