अळणी घास

चंद्रावरच्या वस्तीत कावळा कुठला! म्हणून श्राद्धाचा घास खतपेटीतल्या गांडुळांपुढे ठेवायची रीत पडली होती. ती घासाला शिवल्याशिवाय घरात कुणी जेवायचं नाही.

सुनेत्राने पेटीत दिव्याखाली लिंबू पिळलेला वरणभात ठेवला आणि हात जोडले. गांडुळं वर येईनात. उलट मातीत खोल शिरली.

"मामंजी, काय राहिलं हो तुमचं?" तिने विचारलं. "ऋचाचं शिक्षण पुरं करू. ह्यांची सिगारेट सोडवू."

"इथे कावळे फक्त माझ्या पोटात ओरडतायत," नवरा पुटपुटला.

ऋचा हसली. "आई, गांडुळांना मीठ-लिंबू सोसत नाही गं. उजेडही नाही."

सुनेत्रा थबकली. मामंजीही आयुष्यभर अळणीच जेवले होते, आणि दिवा मालवल्याशिवाय कधी निजले नव्हते.

तिने नुसता मऊ भात आणून ठेवला, त्याला बोट टेकवलं आणि दिवा मालवला. अंधारात ती मनातल्या मनात नाम घेत राहिली. बऱ्याच वेळाने बोटाला काहीतरी गार, ओलसर लागलं.

"शिवले हो!" ती हळूच म्हणाली.

नवरा लगबगीने बटणाकडे वळला.

"अहो, थांबा जरा," ती म्हणाली. "मामंजी जेवतायत."